सहा-सात-आठ आणि आईचा गुडघा: परदेशी सहली आखणाऱ्यांना खुले पत्र

परदेशी सहली काढणाऱ्या संस्थांचे संचालक आणि ऑफिसात बसून कार्यक्रमपत्रिका तयार करणारी सर्व मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

सहल संपताना तुम्ही एक फॉर्म भरून घेता. हॉटेल, जेवण, बस, टूर मॅनेजर, स्थलदर्शन, प्रत्येकापुढे चार चौकटी, आणि अगदी तळाला 'अन्य सूचना' म्हणून दीड ओळ. माझी सूचना दीड ओळीत मावली नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही कोणत्या संस्थेबरोबर गेलो होतो ते लिहीत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. निघण्याआधी मी पाच संस्थांची जपानची पत्रकं टेबलावर शेजारी शेजारी मांडून वाचली होती. मुखपृष्ठावर सगळीकडे तोच फुजी पर्वत आणि आत टोकियोच्या पानावर तीच माळ: आसाकुसा, स्कायट्री मनोरा, राजवाडा 'फोटो स्टॉप', मेइजी मंदिर, हाराजुकू, शिबुया. मी स्वतः त्यातली सगळ्यात लांब माळ निवडली, हेही आधीच कबूल करते. एवढे पैसे भरायचे तर जास्तीत जास्त पाहून होऊ दे, हा हिशोब माझाच होता.

मे महिन्याच्या मध्यावर आम्ही चौघं निघालो. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आई ७३ वर्षांची आहे. उजवा गुडघा झिजलेला, हातात काठी, पण चालायची हौस दांडगी. बुकिंग करताना मी गुडघ्याबद्दल विचारलं तेव्हा फोनवरची मुलगी म्हणाली, "काही टेन्शन घेऊ नका मॅडम, आपल्याकडे ८० वर्षांचे काकासुद्धा येतात." ते काका नंतर कसे असतात हे मी विचारलं नाही.

टोकियोतला पहिला पूर्ण दिवस तुमच्या भाषेत 'सहा-सात-आठ' होता. सहाला वेक-अप कॉल, सातला नाश्ता, आठला बस. आई साडेचारलाच उठली, कारण सकाळी तिचा गुडघा सुटा व्हायला तासभर लागतो. आठला पाच कमी असताना ती बसमध्ये होती. मागून तिसऱ्या रांगेत, कारण सीट रोटेशन. ४२ माणसांना पुढची सीट आळीपाळीने मिळाली पाहिजे हे मला पटतं. पण बसच्या मधल्या अरुंद वाटेतून काठी घेऊन मागे जायचं आणि प्रत्येक ठिकाणी सगळे उतरेपर्यंत उभं राहायचं, यात दर थांब्याची सात-आठ मिनिटं तिची एकटीची जात होती. तेवढी मिनिटं तिच्या बघण्यातून कापली जात होती.

आसाकुसाला ५० मिनिटं दिली होती. कामिनारिमोन या दरवाजातला तो प्रसिद्ध लाल कंदील जवळजवळ ४ मीटर उंच आणि सुमारे ७०० किलो वजनाचा आहे. त्याच्याखाली फोटो, मग नाकामिसेची अडीचशे मीटरची दुकानांची गल्ली, मग मुख्य मंदिराच्या पायऱ्या. आई कठड्याला धरून चढली. वर पोचून हात जोडेस्तोवर खालून झेंडा हलायला लागला. टूर मॅनेजर चांगला मुलगा होता, त्याला दोष देत नाही; त्याच्या हातात तुमचा कागद होता आणि त्या कागदावर साडेदहाला स्कायट्री होती.

स्कायट्री झाली. राजवाड्यासमोर बारीक खडीचं भलंमोठं मैदान आहे. त्यात काठी रुतते. मेइजी मंदिरापर्यंतची झाडीतली वाट अतिशय सुंदर, पण तीही खडीची, आणि दरवाजापासून मंदिरापर्यंत चांगल्या पायांना दहा मिनिटं लागतात. संध्याकाळी शिबुया. माझ्या मोबाइलने तोवर १७ हजार पावलं मोजली होती. आईची पावलं माझ्यापेक्षा लहान पडतात, म्हणजे तिची किती झाली असतील बघा.

शिबुयाचा तो चौक पाहण्यासारखा आहे, वाद नाही. सगळ्या बाजूंचे सिग्नल एकदम माणसांसाठी सुटतात आणि गर्दीच्या वेळी एका फेरीत दोन-तीन हजार माणसं एकमेकांना न धडकता आरपार जातात. माझा मुलगा चारदा पार करून आला. आई हाचिको कुत्र्याच्या पुतळ्याजवळ, झाडाच्या आळ्याच्या काठावर टेकली. मालक गेल्यावरही जवळजवळ दहा वर्षं रोज स्टेशनात येऊन थांबणाऱ्या कुत्र्याचा तो पुतळा. तिथेच भेटायचं ठरलं होतं, त्यामुळे आम्ही निश्चिंत. पण निघायची वेळ झाली आणि आईला उठता येईना. गुडघा धरला होता. नवऱ्याने हात दिला, मी दुसरा दिला, आणि आम्ही गर्दीतून बसपर्यंत जे अंतर गेलो त्याला आम्हाला २५ मिनिटं लागली.

बसमध्ये चढलो तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तुम्हाला ही प्रथा माहीत असेलच. उशिरा येणाऱ्याचं टाळ्यांनी स्वागत. काही ठिकाणी गाणंही म्हणायला लावतात. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पुढच्या सीटवरचे एक काका तर हसून म्हणाले, "आजी, शॉपिंग जोरात दिसतंय!" आईही हसली. मग मागून तिसऱ्या रांगेपर्यंत ती त्या टाळ्यांमधून चालत गेली.

रात्री हॉटेलात गुडघा टम्म फुगला होता. बर्फ लावताना ती मला हळूच म्हणाली, "त्यांना सांगू नकोस हं. एवढा खर्च केलाय जावयांनी." अर्धे पैसे माझे आहेत हे तिला दहादा सांगून झालंय, पण जावयापुढे गुडघा कुरकुरता कामा नये, हा तिचा नियम. नवऱ्याने अर्थातच सगळं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या खोलीत जाऊन म्हणाला, "आई, मला क्योतोचा कंटाळा आलाय. आपण इथेच राहू या का?" क्योतो त्याने अजून पाहिलेलंच नव्हतं. आई म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." दोघंही खोटं बोलत होते आणि दोघांनाही ते माहीत होतं.

अशा रीतीने टूर हाकोने-क्योतोला गेली आणि आम्ही पाच दिवस टोकियोतच थांबलो. सोडलेल्या भागाचा परतावा मिळाला नाही. ते नियमांत लिहिलेलं होतं, तक्रार नाही. ओत्सुका नावाच्या स्टेशनाजवळ एक लहान हॉटेल मिळालं. आता त्या पाच दिवसांत मला जे दिसलं ते सांगते, कारण तुम्ही तिथे वर्षाला कितीतरी बस नेता आणि तुमच्या पत्रकांत त्यातलं काहीच नाही.

टोकियो म्हणजे धावपळ, ही तुमच्याच जाहिरातीतली ओळ. खोटी नाही. शिंजुकू स्टेशनातून दिवसाला लाखो माणसं ये-जा करतात आणि बाहेर पडायचे रस्ते २००च्या वर आहेत. पण त्याच देशात दर १० माणसांमागे जवळजवळ ३ जण पासष्टीच्या वरचे आहेत. ती माणसं घरात बसून नाहीत. सकाळी दहाच्या लोकलमध्ये बघा, निम्मा डबा त्यांचाच. त्यांच्यासाठी १९९४ साली इमारतींचा आणि २००० साली रेल्वे-बसचा कायदा झाला, २००६ मध्ये दोन्ही एकत्र केले. त्यातून त्या धावणाऱ्या शहराच्या पोटात एक दुसरं, सावकाश शहर तयार झालंय. तुमची बस त्याच्यावरून रोज जाते आणि थांबत नाही.

सुरुवात लिफ्टपासून करते. पहिल्या दिवशी आम्ही शिंजुकूला चुकलो, चांगले अर्धा तास चुकलो. माझा समज असा, की मोठं स्टेशन म्हणजे कुठेही लिफ्ट मिळेल. लिफ्ट असते, पण प्लॅटफॉर्मच्या एका विशिष्ट जागी, आणि तो प्लॅटफॉर्म दोनशे मीटर लांब. आपण दुसऱ्या टोकाला उतरलो तर संपलंच. मग मुलाच्या लक्षात आलं की गाडीच्या दारावरच्या पडद्यावर पुढचं स्टेशन यायच्या आधी एक चित्र येतं: गाडीचे डबे, त्यांचे नंबर, आणि कोणत्या डब्यासमोर जिना, कुठे सरकता जिना, कुठे लिफ्ट. भुयारी मेट्रोच्या प्लॅटफॉर्मच्या खांबांवर तर तक्ताच लावलेला असतो, की अमक्या स्टेशनला लिफ्ट हवी तर अमक्या डब्यात बसा. झालं. त्या दिवसापासून आमचा मुलगा लिफ्ट खात्याचा मंत्री झाला. "आजी, आपण सात नंबरच्या डब्यात" म्हणून तो आधी जाऊन खुणेवर उभा राहायचा, गाडीतून उतरलं की समोर लिफ्ट. अकरा वर्षांच्या मुलाला हे दोन स्टेशनांत कळलं. तुमच्या टूर मॅनेजरना प्रशिक्षणात हे का सांगत नाहीत, हा मला पडलेला प्रश्न आहे.

लिफ्टच्या मागच्या भिंतीला आरसा असतो. आई रोज त्यात बघून केस सारखे करायची. चौथ्या दिवशी एक बाई व्हीलचेअरवर आत आल्या आणि उतरताना त्या आरशात मागे बघत सरळ उलट्या बाहेर गेल्या, तेव्हा आम्हाला कळलं आरसा कशासाठी ते. आमच्या हॉटेलच्या लिफ्टमध्ये तर कोपऱ्यात छोटी त्रिकोणी खुर्ची होती. भूकंपात लिफ्ट अडकली तर आतल्यांना लागेल ते पाणी आणि इतर सामान तिच्या पोटात असतं, वरून बसायची सोय. आई चार मजल्यांसाठी न चुकता तिच्यावर बसायची.

एक प्रसंग मात्र तिने अजून सोडलेला नाही, येईल त्याला सांगते. ओत्सुकाहून उएनोला जात होतो. आमच्या डब्यात व्हीलचेअरवरचा एक तरुण चढणार होता. गणवेशातला रेल्वेचा माणूस हातात घडी घातलेली फळी घेऊन आला, दारात ती उलगडली, तरुण आत आला, फळी घडी झाली, त्याने वाकून नमस्कार केला आणि गाडी सुटली. मधे सहा स्टेशनं गेली. सातवं उएनो. दार उघडलं तर बरोबर त्याच दारासमोर दुसरा माणूस दुसरी फळी घेऊन उभा. इकडच्याने तिकडे फोन करून गाडी आणि डबा कळवलेला असतो. तरुणाने मोबाइलमधून मानसुद्धा नीट वर केली नाही, इतकं ते त्याच्या रोजचं. आई प्लॅटफॉर्मवर उभी राहून त्या फळीवाल्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "चल ना." तर म्हणते, "थांब गं, टाळ्या नाही वाजवल्या त्याच्यासाठी कोणी." मला आधी अर्थ लागला नाही.

सगळंच गोडगोड आहे असं नाही. राखीव सीटवर तरणीताठी पोरं डोळे मिटून बसलेली मी रोज पाहिली. झोपलेल्याला उठवत नाहीत, हे त्यांना ठाऊक असतं. या राखीव जागा १५ सप्टेंबर १९७३ ला, वृद्धांच्या सन्मानाच्या सुट्टीच्या दिवशी, पहिल्यांदा टोकियोच्या चुओ रेल्वेमार्गावर आल्या. शिंकान्सेन या बुलेट ट्रेनच्या आसनांचं चंदेरी कापड हाताशी होतं तेच त्यांना लावलं, म्हणून 'सिल्व्हर सीट' हे नाव पडलं. कापड मिळालं, उठायची सक्ती कुठून आणणार? रस्त्यावर बाकं फार कमी. कचऱ्याचे डबे तर जवळजवळ नाहीतच. १९९५ मध्ये भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला तेव्हापासून बरेचसे काढून टाकले. मुलाच्या खिशात दिवसभराचे सगळे कागद जमा होत. बाकांवर उपाय आम्ही शोधला: मोठ्या दुकानांत लिफ्टच्या शेजारी खुर्च्या मांडलेल्या असतात आणि तिथे बसलेल्या बाईला 'काय हवं' असं कोणी विचारत नाही.

फुटपाथवर, स्टेशनात, सगळीकडे पिवळ्या उठावदार फरश्यांचा पट्टा असतो. लांब रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा, पुढे जिना किंवा रस्ता आहे. अंधांसाठी हा पट्टा सेइइची मियाके या जपानी गृहस्थांनी तयार केला आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवला. आज तो जगभर आहे. आईला डोळ्यांचा त्रास नाही, पण ठिपके दिसले की ती आधीच काठी सावरून घ्यायची. जिन्यांच्या तोंडाशी पक्ष्यांची किलबिल ऐकू येते. दोन दिवस आम्ही वर पाहून चिमण्या शोधत होतो. तीही ध्वनिमुद्रित, न दिसणाऱ्याला जिना कुठे ते कळावं म्हणून.

आता सुगामो. हे नाव तुमच्या एकाही पत्रकात नाही, पाचही पुन्हा पाहिली. ओत्सुकाच्या शेजारचंच स्टेशन, यामानोते या वर्तुळाकार मार्गावर, ज्या मार्गाची तीसच्या तीस स्टेशनं तुमच्या नकाशात छापलेली असतात. तिथे जिझो-दोरी नावाची सुमारे ८०० मीटरची बाजाराची गल्ली आहे. गंमतीने तिला 'आज्ज्यांचं हाराजुकू' म्हणतात. हाराजुकूला तुम्ही नेता, तिथे पोरी लेस आणि रंगीत केस घेऊन हिंडतात. इथे सत्तरीच्या बायका हातगाडीसारखी चाकांची पिशवी ढकलत हिंडतात. फुटपाथची पायरी नाही, किमतीचे आकडे चष्म्याशिवाय वाचता येतील एवढे, आणि दुकानदाराला घाई नाही. लाल रंगाच्या अंतर्वस्त्रांचं एक मोठं दुकान आहे. लाल कपडा अंगाला लागून असला की ऊब आणि नशीब दोन्ही मिळतं म्हणतात. आई बराच वेळ आत होती. काय घेतलं ते तिने आम्हाला दाखवलं नाही.

गल्लीतच कोगानजी हे मंदिर आहे. आवारात कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेची दगडी उभी मूर्ती. आपलं जे दुखत असेल, मूर्तीचा तो भाग पाणी घालून पुसायचा. पूर्वी लोक ब्रशने घासत, इतकं की जुन्या मूर्तीचा चेहरामोहरा झिजून गेला. १९९२ मध्ये नवी मूर्ती बसवली आणि ब्रशऐवजी टॉवेल आला. आम्ही गेलो तेव्हा पंधराएक बायकांची रांग होती. आईने छोटा पांढरा टॉवेल विकत घेतला. तिची पाळी आली तेव्हा अडचण अशी, की मूर्तीच्या वस्त्राच्या चुण्यांत गुडघा नेमका कुठे तेच कळेना. तिने अंदाजाने एका जागी पुसलं. मागच्या बाईंनी "नाही नाही" अशी मान हलवली, पुढे होऊन स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली, मूर्तीच्या चार बोटं खालच्या जागेवर हात ठेवला आणि आईचा हात धरून तिथे आणला. आई मराठीत म्हणाली, "तुमचाही उजवाच का?" त्या जपानीत काहीतरी म्हणाल्या. दोघी एवढ्या हसल्या की रांग खोळंबली. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत.

मग दोघी बाकावर बसल्या. हो, तिथे बाकं आहेत. त्या बाईंनी पिशवीतून खारट चवीचा डाइफुकू काढून दिला. ती इथली खासियत: तांदळाच्या चिकट पारीत गोड लाल चवळीचं पुरण आणि किंचित मीठ. तासभर बसल्या असतील. काय बोलल्या असतील देव जाणे, पण परत येताना आईला त्यांना तीन नातवंडं आहेत हे माहीत होतं.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कोशिनझुका नावाचा ट्रामचा थांबा आहे. टोकियोत एकेकाळी ४० मार्गांवर महानगराच्या ट्राम धावत. १९७२ पर्यंत मोटारींना जागा करून देण्यासाठी त्या काढून टाकल्या, उरला तो हा एकच मार्ग, १२.२ किलोमीटर आणि ३० थांबे. एकच डबा, प्लॅटफॉर्म ट्रामच्या जमिनीच्या पातळीला, म्हणजे पायरी नाहीच. कितीही जा, भाडं एकच. आम्ही तीन दुपारी याच ट्रामने फिरलो. घरांच्या परसदारांतून जाते ती, अगदी हात लांब केला तर वाळत घातलेला टॉवेल हाताला लागेल. आराकावा भागात रुळांच्या दोन्ही बाजूंना हजारो गुलाब लावलेत आणि आमच्या नशिबाने ते मे महिन्यातच फुलतात. आईला ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. सीट रोटेशन नव्हतं.

शेवटच्या आदल्या दिवशी तिने स्वतःहून सांगितलं, "मला तो कंदील पुन्हा बघायचाय." आम्ही आसाकुसाला गेलो, यावेळी तिच्या वेगाने. आणि तिथे मला तुमचा खरा राग आला. कामिनारिमोनच्या अगदी समोर, रस्ता ओलांडला की, तिथल्या तैतो वॉर्डाने २०१२ मध्ये बांधलेलं पर्यटक केंद्र आहे. केंगो कुमा या मोठ्या वास्तुकाराची इमारत. लिफ्टने आठव्या मजल्यावर जा, पैसे नाहीत, आणि वरून दरवाजा, नाकामिसे, थेट मंदिराच्या छपरापर्यंत सगळं एका नजरेत. स्वच्छतागृह आहे. आई तिथे निवांत पाऊण तास होती. नंतर मंदिरात गेलो तर मुख्य इमारतीच्या डाव्या अंगाला लिफ्ट. पायऱ्यांशेजारी, बाणाची पाटी लावून. ज्या पायऱ्या तुम्ही तिला झेंड्याच्या तालावर चढायला लावल्या, त्यांच्यापासून ती लिफ्ट हाकेच्या अंतरावर होती. तुमच्या बस तिथे वर्षानुवर्षं जातायत. एकालाही दिसली नसेल?

तसंच उंचावरून शहर बघायचं. स्कायट्रीची ६३४ मीटर उंची मोठी आहे, तिकीटही मोठं आहे आणि रांगही. शिंजुकूच्या महानगर कार्यालयाच्या ४५व्या मजल्यावर, २०२ मीटरवर, फुकट जाता येतं. शिंजुकू ग्योएन बागेत पासष्टीच्या वरच्यांना ५०० ऐवजी २५० येन तिकीट आहे. आईने पासपोर्ट दाखवला आणि ते अडीचशे येन वाचल्याचा आनंद तिला दिवसभर पुरला. सोमवारी मात्र बाग बंद असते, हे आम्हाला सोमवारी कळलं.

तुमची बाजू मला माहीत आहे. ४२ माणसं, बस उभी करायला ठराविक मिनिटं, ड्रायव्हरच्या कामाच्या तासांची मर्यादा, जेवणाची ठरलेली वेळ. शिवाय प्रवासीच जागा मोजतात. 'त्यांच्या टूरमध्ये दोन ठिकाणं जास्त आहेत' म्हणून बुकिंग फिरतं, मी स्वतः तेच केलं. म्हणून मी 'सगळं बदला' असं म्हणत नाही. पत्रकात प्रत्येक दिवसापुढे जेवणाचे तीन चमचे छापता ना, नाश्ता-लंच-डिनर असे? त्याच्या शेजारी एक पाऊल छापा आणि पुढे आकडा: आज इतके किलोमीटर चालणं, इतक्या पायऱ्या, खडी आहे की फरशी. तो आकडा असता तर मी ती टूर घेतली नसती, आणि तुमचाही एक वैताग वाचला असता. ज्यांना चालवत नाही त्यांना सीट रोटेशनमधून वगळून पुढची जागा द्या. बाकीचे कुरकुर करतील, करू दे. प्रत्येक ठिकाणी 'अमुक वाजता इथे भेटा' सांगताना 'लिफ्ट तिकडे, बसायला तिकडे' ही दोन वाक्यं टूर मॅनेजरच्या तोंडी घाला. ती शोधायला एक माणूस एक दिवस काठी घेऊन फिरवा. हवं तर माझ्या आईला पाठवते, ती फुकट येईल. आणि दिवसातलं एक ठिकाण कमी करा. कोणतं ते तुम्हीच ठरवा. राजवाड्याचा फोटो स्टॉप गेला तरी राजवाड्याला कळणार नाही.

परतीच्या दिवशी आम्ही ग्रुपला विमानतळावर भेटलो. सगळे उन्हाने रापलेले, दमलेले आणि खूश. पुढच्या सीटवरच्या काकांनी आईच्या गुडघ्याची मनापासून चौकशी केली, क्योतोचे फोटो दाखवले आणि स्वतःचा घोटा हाकोनेला मुरगळल्याचंही सांगितलं. टूर मॅनेजरने आमच्यासाठी राखून ठेवलेले फॉर्म चेक-इनच्या रांगेत हातात दिले. मी माझा कोराच ठेवला. आईने सूटकेसवर कागद ठेवून, चष्मा लावून भरला. टूर मॅनेजरच्या नावापुढे 'उत्कृष्ट'. हॉटेल 'उत्तम'. मग त्या दीड ओळीवर पेन टेकवून जरा विचार केला आणि तिच्या त्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं:

'जेवण छान होते. टाळ्या नकोत.'

आपली,
४२ जणांतली एक प्रवासी